एक दिवस उशिराचा पाऊस

ताझुत गावात पाऊस एक दिवस उशिरा पडतो, हा शोध झोहोरनं एकोणीस वर्षांपूर्वी लावला होता. तिच्या प्रबंधाच्या एकशे बाराव्या पानावर, अगदी तळाला, बारीक अक्षरात तीन वाक्यं होती. ताझुत केंद्राच्या नोंदी शेजारच्या केंद्रांपेक्षा एक दिवस मागे असतात. निरीक्षकानं त्या स्वतः न मोजता, आजूबाजूच्या गावांतून ऐकून भरलेल्या दिसतात. सबब हे केंद्र वगळलं आहे. एका परीक्षकानं त्या तळटिपेशी पेन्सिलीनं बरोबरची खूण करून शेजारी 'चाणाक्ष' असं लिहिलं होतं. प्रबंधाच्या साडेतीनशे पानांवर मिळालेलं हे एकमेव विशेषण, त्यामुळे झोहोरला ते जरा जास्तच लक्षात राहिलं होतं.

त्यानंतर बरंच झालं. ती भूगोल आणि पर्यावरण विभागात लागली, टिकली, प्राध्यापक झाली. डोंगराळ भागाच्या पावसाचा तिनं केलेला नकाशा विभागाच्या जिन्यात चौकटीत लावलेला होता. मंत्रीबिंत्री आले की त्यांना तिथं उभं करून फोटो काढत. त्या नकाशावर ताझुतच्या जागी निळा रंग कुठंही न अडखळता पसरलेला होता. शेजारच्या चार केंद्रांची सरासरी काढली की असा रंग मिळतो.

एप्रिलमधल्या एका सकाळी तिची विद्यार्थिनी इत्तो दारात येऊन उभी राहिली. हातात बुटांचा खोका.

"मॅडम, पाच मिनिटं आहेत?"

"आहेत. पण स्कॅनरचं रडगाणं नको."

"स्कॅनर बरा आहे. बिघडलंय ते दुसरंच काहीतरी."

इत्तो डोंगरातली पोर. तिच्याकडं काम होतं ते जुन्या पर्जन्यमापन केंद्रांची महिन्याची कार्डं संगणकात भरण्याचं. पाणी खात्याच्या कार्यालयानं ती रद्दीत घालायच्या आधी विभागानं मागून आणली होती. अकरा खोके. कार्डाची फक्त पुढची बाजू घ्यायची, मागं काही नसतं, असं विभागप्रमुखांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. मागं काही नसतं असं सांगितलं की मागं बघायचं, ही अक्कल इत्तोला कुणी शिकवली होती कुणास ठाऊक.

"तुम्ही ताझुतची कार्डं बघितली होती का हो? म्हणजे अशी हातात घेऊन?"

झोहोरनं चष्मा काढला. "टंकलेले तक्ते बघितले होते. कार्यालयानं दिलेले. का?"

"मागं लिहिलंय."

तिनं एक कार्ड उलटं करून टेबलावर ठेवलं. मशिदीतल्या शाळेत घोटून घेतलेलं असावं असं सुरेख, गोल अक्षर, पेन्सिलीचं, मुंगीएवढं. 'रात्री इशाच्या नमाजनंतर लागला, पहाटे फजरच्या आधी थांबला. फजरला मोजून ठेवला, उन्हानं पिऊ नये म्हणून. मगरिबच्या अजानीआधी दिवस बंद केला.' खाली: 'दुपारी गारा, बदामाएवढ्या. वितळवून मोजल्या.'

"मी दोन्ही बाजू जोडून बघितल्या," इत्तो म्हणाली. "रात्रीचा पाऊस असला की ताझुत एक दिवस मागं. दुपारचा असला की बरोब्बर त्याच दिवशी. ऑगस्टमधली सगळी वादळं जुळतात, मॅडम. एकूण एक. दुसऱ्या गावाचं ऐकून लिहिणारा माणूस दुपारचं वादळ त्याच दिवशी कसं लिहील? तेव्हा तिथं फोनसुद्धा नव्हता."

"मी उन्हाळ्याचे महिने घेतले नव्हते," झोहोर म्हणाली. "वळिवाचा पाऊस फार स्थानिक असतो. तुलनेला चालत नाही."

"हो ना, पुस्तकात तसंच आहे," इत्तो म्हणाली. ती हे समजुतीनं म्हणाली, आणि तेच झोहोरला लागलं.

"मग रात्रीचा मागं का?" तिनं विचारलं खरं, पण विचारता विचारताच उत्तर तिला दिसायला लागलं होतं.

"मगरिबला, मावळतीला, दिवस बंद करायचा तो. सूर्य बुडाला की पुढचा दिवस लागला. सोमवारी रात्री पडलेला पाऊस मंगळवारचाच, नाही का? आमची आजी असंच मोजते. तुमच्या शहरात नाही मोजत?"

मोजत नाहीत कसे! गेल्याच महिन्यात, सव्विसाव्या रोज्याच्या संध्याकाळी, मेकनेस शहरात आईच्या घरी झोहोरनं रमजानची पवित्र सत्ताविसावी रात्र साजरी केली होती. धूप जाळला, शेजाऱ्यांकडं कुसकुसची परात पोचवली, पुतणीच्या हाताला मेंदी लावली. सत्तावीस तारखेची रात्र सव्वीसला कशी, असं त्या घरात आजवर कुणी विचारलं नव्हतं. रात्र आधी आणि तिचा दिवस मागून, हे सगळ्यांना दुधाच्या दातांपासून माहीत. पन्नास वर्षं झोहोर घरी अशी मोजत आली आणि विभागात येऊन कोट खुंटीला टांगला की सकाळी आठ ते सकाळी आठ मोजत आली. सकाळी आठला मापन, आणि आकडा आदल्या तारखेवर. हे दोन्ही हिशेब तिच्या अंगात शेजारीशेजारी राहत होते आणि त्यांनी एकमेकांना कधी सलामही केला नव्हता.

"मॅडम, तुम्ही गेला होतात ना तिथं?"

गेली होती. प्रबंधाच्या वेळी, एकदाच. सी बासू तिथला अजान देणारा मुअज्जिन, मुलांना कुराण शिकवणारा आणि पर्जन्यमापकाचा निरीक्षक, तिन्ही एकच. मापकाभोवतीची जमीन इतकी झाडलेली की तिथं पाय ठेवायला संकोच वाटावा. तिच्याकडं छापील अर्ज होता. मापकाची जमिनीपासूनची उंची, भिंतीपासूनचं अंतर, झाडं किती, कुठल्या बाजूला. तिनं सगळं मोजलं, फोटो काढले, त्याच्या घरी जेवली. त्यानं तेव्हा एक कार्ड दाखवलं होतं. एक खाडाखोड नाही. इतकं स्वच्छ लिखाण एका बैठकीत रचलेलं असतं, असं तिच्या मनात आलं होतं, तेही आता आठवलं. दिवस कधी बंद करता, हा प्रश्न अर्जावर नव्हता. म्हणून तिनं विचारला नाही.

"ते केंद्र पुढं बंद झालं," ती म्हणाली. तिला ते एका यादीतली ओळ म्हणून माहीत होतं.

इत्तो खोक्याच्या कडेशी चाळा करत राहिली. "माझी मावशी त्या बाजूला दिलीय. मी काल फोन केला होता." मग थांबली.

"सांग की."

"कार्यालयाची जीप आली होती. मापक उपटून नेला. आणि गावकीपुढं पत्र वाचलं, की विद्यापीठाच्या तपासणीत निरीक्षकाच्या नोंदी खोट्या निघाल्या. लोक त्याला नाव ठेवायला लागले, 'कालचा पाऊस'. तो रस्त्यानं आला की, आला रे आला कालचा पाऊस." तिनं वर बघितलं नाही. "पुढच्या रमजानात त्यानं रोजा सोडायची मगरिबची अजान दिली तर एकानं मनगटावरचं घड्याळ बघितलं. सगळ्यांसमोर. खजूर तोंडाशी धरून. दुसऱ्या दिवसापासून सी बासूनं अजान सोडली."

झोहोरनं कार्ड सुलटं केलं, मग पुन्हा उलटं केलं.

"आहे अजून?"

"आहे. ऐंशीच्या पुढं असेल."

विभागप्रमुख बेनाचिर यांनी सगळं शांतपणे ऐकलं, एक खारा बदाम तोंडात टाकला आणि म्हणाले, "वा!"

"वा काय?"

"अगं, लेख आहे हा! लोकांची कालगणना आणि पर्जन्यनोंदी. चांगल्या नियतकालिकात जाईल. त्या पोरीचं नाव दुसरं टाक."

"मला लेख नकोय, सर. मला विभागाच्या कागदावर चार ओळी हव्यात. सही-शिक्क्याच्या. की त्या नोंदी खऱ्या होत्या, चूक आमची होती."

"आमची?" बेनाचिरांनी दुसरा बदाम हातातच ठेवला. "झोहोर, मापक विभागानं उपटला का? पाणी खात्यानं उपटला. त्यांनी माफी मागावी. आपण शिक्का मारला तर उद्या विचारतील, मग नकाशाचं काय? जिन्यात लावलाय तो. एकशे बारावं पान कोण वाचतं?"

"पाणी खात्यानं वाचलं होतं."

"त्यांनी बरं एवढंच वाचलं!" ते हसले. मग तिचा चेहरा बघून हसू आवरलं. "जायचं तर जा. तुझ्या कागदावर लिही, तुझ्या सहीनं. आणि जाताना त्या म्हाताऱ्याला मधाची बाटली ने. आपल्या लोकांना शिक्क्यापेक्षा मध बरा वाटतो."

तिनं लेखाचा विचार केला नाही असं नाही. शीर्षकसुद्धा सुचलं, तेही चांगलं. एक पूर्ण संध्याकाळ तिनं त्या शीर्षकाबरोबर काढली, आणि मग साधा कागद घेऊन पत्र लिहायला बसली. पत्र तीन वेळा लिहिलं. प्रत्येक वेळी ते जास्त सभ्य होत गेलं.

शुक्रवारी सकाळी इत्तोला घेऊन ती निघाली. घाटाच्या पायथ्यापर्यंत सहा जणांची टॅक्सी, तिथून पुढं मेंढ्यांच्या चाऱ्याची गाडी. मध घेतला होता.

दार सी बासूच्या बायकोनं उघडलं. तौदा. हनुवटीवर गोंदण, कमरेला दुपट्टा खोचलेला. तिनं झोहोरकडं क्षणभरच बघितलं.

"ही तीच," ती आत वळून मोठ्यानं म्हणाली. "जेवताना वर न बघणारी."

"तौदा, पाहुणी आहे," आतून आवाज आला.

"तेव्हाही पाहुणीच होती."

सी बासू मेंढीच्या कातड्यावर भिंतीला टेकून बसला होता. अंगानं इतका आटला होता की डगल्यात कुणी आहे हे आवाज आल्यावरच कळावं. झोहोर त्याच्यासमोर बसली. वाटेत जुळवलेली वाक्यं एकही आठवेना, म्हणून तिनं पिशवीतून कार्डं काढली आणि सरळ सांगत गेली. डोंगरातली बोली तिला अर्धीच येत होती, अडेल तिथं इत्तो पुढं नेत होती. रात्रीचे असे, दुपारचे तसे. मी थंडीचेच महिने घेतले, तेव्हा इथं पाऊस बहुतेक रात्रीचाच. मी कार्डाची मागची बाजू बघितली नाही. मी तुम्हाला विचारलं नाही.

त्यानं मध्येच हात वर केला. "दुपारचे जुळले?"

"सगळे."

"गारांचा?"

"तोही."

त्यानं मान हलवली, जुन्या शिष्याचं बरं चाललंय असं ऐकल्यावर हलवावी तशी. "आणि पूल गेला त्या रात्रीचा? थंडीतला?"

"एकाहत्तर मिलिमीटर."

"एकाहत्तर आणि थोडा वर. भांडं भरून वाहिलं होतं. ते वरचं थोडं मी लिहिलं नाही. जे मोजलं नाही ते कसं लिहिणार?"

तौदानं चहाचा पेला झोहोरपुढं जरा आपटूनच ठेवला.

"सरकारला सकाळी आठचा हवा होता होय," सी बासू म्हणाला, जणू फार लांबच्या कुणाबद्दल. "तर सांगायचं होतं. मी आठला बंद केला असता. मला काय, मी पहाटेपासून जागाच असायचो. दिवस कुठंही कापा, पाऊस तेवढाच राहतो."

"तुम्हाला नियम सांगायला कुणी आलं नव्हतं?"

"आला होता ना एक. मापक पुरला, जेवला, गेला. तोही वर बघत नव्हता." आता तो हसला. तौदा हसली नाही.

"आणि त्यानंतरचे पाऊस?" झोहोरनं विचारलं. विचारायला नको होतं, पण एकोणीस वर्षांचे रिकामे रकाने तिच्या डोळ्यांपुढं उभे होते, आणि धंद्याची सवय जाता जात नाही.

"नंतरचे? पडले."

"मी म्हणत होते, बादली ठेव नि मोज," तौदा म्हणाली. "हट्टी माणूस. नाही म्हणजे नाही."

"बादलीच्या तोंडाचं माप कुठल्या सरकारला माहीत आहे? मोजून लिहिलं तरी खोटं, आणि बादलीनं मोजलं तर डबल खोटं." त्यानं चहाचा घोट घेतला. "त्यातला एक फार मोठा होता. खालची शेतं घेऊन गेला. किती पडला ते विचारू नको, मुली. मी त्यात उभा होतो, एवढंच माहीत आहे."

त्या पुराच्या दिवसाचा ताझुतचा आकडा झोहोरनं सरासरीनं भरला होता. बावीस मिलिमीटर. तिनं तो सांगितला नाही.

मग तिनं पत्र काढलं आणि म्हणाली की आज जुम्म्याची नमाज झाली की गावकीपुढं हे वाचायचं आहे. जसं ते वाचलं गेलं होतं, तसंच.

सी बासूनं पेला खाली ठेवला.

"नको."

"सी बासू, ते सगळ्यांसमोर झालं होतं."

"ज्यांच्यासमोर झालं ते तिकडं आहेत." त्यानं हनुवटीनं खिडकीबाहेर दाखवलं. उतारावर दगड रोवलेले दिसत होते. "बाकीचे कामाला शहरांत गेले ते गेलेच. तीन राहिलेत. एक ठार बहिरा, एक माझा मेहुणा, आणि तिसरा मी. मेहुण्याला तू खरं सांगितलंस तरी तो ऐकायचा नाही, तो त्याच्या बहिणीचंही ऐकत नाही."

"माझ्या भावाला मध्ये घेऊ नका," तौदा म्हणाली.

"पोरांना वाटतं माझे गुडघे गेले म्हणून मी अजान सोडली. वाटू दे की! चांगलं कारण आहे. येता-जाता गुडघ्यांना लावायला तेल आणून देतात. तुझ्याकडून मध आला, तसं त्यांच्याकडून तेल येतं. अर्गानच्या बियांचं, तिळाचं. घरभर तेल झालंय." तो झोहोरकडं वाकला. "तू मला सांगितलंस. मी ऐकलं. मला वाटायला लागलं होतं, कोण जाणे, चुकलंही असेल माझंच. डोळे, म्हातारपण. आता नाही वाटणार. झालं की काम."

आणि खरं तर तिथं काम झालं होतं. झोहोरला हे नंतर कळलं. त्या वेळी तौदा मधे उभी राहिली.

"तुमचं झालं. माझं?" तिचा आवाज चढला. "ओढ्यावर चार वर्षं मी धुणं घेऊन शेवटच्या दगडावर बसले. 'कालच्या पावसाची बायको आली, सरका ग, हिचं उद्या वाळेल.' हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. तुम्ही आत बसून कातडं झिजवलंत, बाहेर मी जात होते! ते सगळ्यांसमोर म्हटलं गेलं, तर सगळ्यांसमोर पुसलं जाऊ दे. वाच ग पोरी तू. वाच."

सी बासू बायकोकडं बघत राहिला. लग्नाला साठ वर्षं झाल्यावर माणसाला बायकोबद्दल नवं काही कळू नये अशी अपेक्षा असते.

"वाच मग," तो म्हणाला.

तौदाला जे हवं होतं ते तिच्या हक्काचं होतं. झोहोरला मात्र तेच हवं होतं ते वेगळ्याच कारणानं. इतक्या लांब आलो, चढण चढलो, तर कबुली एका खोलीत तीन माणसांपुढं संपू नये. कबुलीजवाबालाही प्रेक्षक लागतो. दोघींनी मिळून म्हाताऱ्याला हरवलं, आणि त्यात आपली बाजू कुठली, हे झोहोरनं पुढं स्वतःला बरेचदा विचारलं.

मशिदीबाहेर अक्रोडाखाली ओटा होता. नमाज सुटली, माणसं तिथं टेकली. पस्तीस-चाळीस असतील, बहुतेक विशीतले. गावच्या म्होरक्यानं, तोही तिशीचाच, सांगितलं की शहरातून उस्तादा, विद्यापीठात शिकवणाऱ्या बाई, आल्यात, सी बासूबद्दल दोन शब्द बोलायचेत. सगळे कौतुकानं सरसावून बसले. सत्कार असेल असं वाटलं असावं. एकानं फोन काढून चित्रण सुरू केलं. बायका वरच्या गच्चीवर, मधोमध तौदा. सी बासूला ओट्याच्या टोकाला बसवलं होतं, पाठीशी उशी देऊन.

झोहोरनं वाचलं. "ताझुत केंद्राच्या निरीक्षकांच्या विश्वासार्हतेविषयी सदर संशोधनात काढलेला निष्कर्ष अपुऱ्या आधारावर..."

ती थांबली की इत्तो त्यांच्या बोलीत सांगे. झोहोरचं वाक्य तीन ओळींचं, इत्तोचं तीन शब्दांचं. डोंगरातल्या बोलीत विश्वासार्हता आणि निष्कर्ष यांना जागाच नव्हती. 'ह्यांनी त्यांना खोटारडं म्हटलं होतं,' इत्तोनं सांगितलं, आणि झोहोरला तेवढं बरोबर समजलं.

ओट्यावर चुळबुळ झाली.

"कुणाला?"

"सी बासूला?"

"काय केलं होतं त्यांनी?"

"नाही नाही, केलं नव्हतं," इत्तो घाईनं म्हणाली. "हे वाचतायत तेच, की केलं नव्हतं."

झोहोरनं शेवटपर्यंत वाचलं. नोंदी खऱ्या होत्या. त्या आजपासून पुन्हा दाखल धरल्या जातील. मला मनापासून खेद आहे. सी बासूचा मेहुणा तेवढा उभा राहिला, डोळे पुसून म्हणाला, "मी तेव्हाच म्हणालो होतो!" गच्चीवरून तौदाचा आवाज आला, "तू काय म्हणाला होतास ते मला माहीत आहे, खाली बस!" लोक हसले. हसू विरल्यावर मागच्या रांगेतून कुणीतरी, साधेपणानंच, विचारलं:

"म्हणजे गुडघे नव्हते?"

सगळ्या माना ओट्याच्या टोकाकडं वळल्या. सी बासूनं दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले होते. त्यानं ते काढून घेतले, ठेवायला दुसरी जागा मिळेना तसे हवेत धरले, मग डगल्याच्या बाह्यांत घातले. गच्चीवर तौदानं तोंडाला पदर लावलेला झोहोरनं बघितला.

तो उठला. म्होरक्या हात द्यायला धावला, झोहोरही धावली. त्यानं दोघांनाही मानेनंच नको म्हटलं आणि भिंतीला धरून घराकडं निघाला.

प्रश्न मात्र तिथंच राहिले. कुठलं पत्र? कोणी वाचलं होतं? आमच्या बापाला माहीत होतं? मग आम्हाला का नाही सांगितलं? झोहोर ओट्यावर बसून उत्तरं देत राहिली. प्रत्येक वेळी खरं सांगायच्या आधी तिला तो जुना खोटा आळ सांगावा लागत होता, कारण त्याशिवाय खऱ्याला उभं राहायला जागाच नव्हती. नंतर आलेल्यांना आधीचे समजावून सांगायला लागले, आणि त्यांच्या तोंडी ती गोष्ट आणखी छोटी झाली: सी बासू पावसाचं खोटं लिहायचा असं निघालं होतं, पण आता नाही म्हणतात.

पुढ्यात एक तरुण बसला होता. झायेद त्याचं नाव, स्पेनमध्ये हरितगृहात कामाला, सुट्टीवर आलेला. चित्रण त्यानंच केलं होतं. तो मघापासून कपाळाला आठ्या घालून ऐकत होता.

"मला एक सांगा," तो म्हणाला. "सरकारचं पत्र होतं. विद्यापीठाची तपासणी होती. एवढी माणसं उगाच बोलतील का? मग खोटं कोण बोललं?"

"खोटं असं कुणी बोललं नाही," झोहोर सुरू झाली. "दिवस मोजायच्या दोन पद्धती असतात. एक मावळतीपासून. दुसरी, सकाळी आठपासून. आणि मी ज्या महिन्यांचा नमुना घेतला त्यात..."

इत्तोनं निम्मं सांगितलं आणि तिचं तिलाच पुरेना. ऐकणाऱ्यांचे चेहरे जेवणानंतरच्या तासाला बसलेल्या मुलांसारखे झाले. कुणीच खोटं बोललं नाही आणि तरी एक माणूस एकोणीस वर्षं खोटारडा राहिला, ही गोष्ट त्या ओट्यावर कुणाच्याच कामाची नव्हती. जिथं खोटं बोलणारा सापडत नाही तिथं तो शेवटी आधी ज्याचं नाव घेतलं त्याच्याच दारात जाऊन बसतो. सी बासू वाटेवर दम खायला थांबला होता, पाठमोरा.

"मी," झोहोर म्हणाली.

इत्तोनं चमकून बघितलं. "मॅडम, तसं नाहीये ना ते."

"तू सांग त्यांना. मी खोटं बोलले. मोजलं नव्हतं आणि लिहिलं."

इत्तोनं सांगितलं. मोठ्यानं, एका वाक्यात. झायेदच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. "हां," तो म्हणाला, "असं आधी सांगायचं," आणि फोन खिशात टाकून त्यानं तिच्याकडं पहिल्यांदा नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं, बाजारात काटा मारणाऱ्याकडं बघावं तसं. बाकीचेही बघायला लागले. वर गच्चीवर बायका आपसांत कुजबुजल्या.

सी बासूनं मागं वळून बघितलं नाही. भिंतीला धरून तो पुढं चालायला लागला, आणि ओट्यावरची माणसं उठून, त्याच्या मागं जावं की नाही हे ठरवत, तिथंच उभी राहिली.